दगडी वाड्यातले वायफाय

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये छावणी टाकली आणि पुढे तिचेच लष्कर नावाचे शहर झाले. शिंद्यांबरोबर आलेल्या मराठी घराण्यांनी इथे वाडे बांधले ते आसपासच्या खाणींतल्या वालुकाश्मात. महाराज बाड्याच्या भोवती, दौलतगंज, नया बाजार, जीवाजीगंज, खासगी बाजार या वस्त्यांत अशी जुनी घरे अजून नांदती आहेत. हात-दीड हात जाड भिंती, मधे चौक, चौकाच्या चारी बाजूंना ओसरी आणि खोल्या, डोक्यावर दगडी पटियांचे छत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो तेव्हा या भिंतींची किंमत कळते. माजघरात शिरताच अंगाची लाही थांबते.

याच भिंती आता एका नव्या वस्तूच्या, बोलून चालवायच्या स्पीकरच्या, आड येतात. अॅमेझॉनचा इको स्पीकर भारतात ऑक्टोबर २०१७ मध्ये आला, गुगल होम त्यानंतर एप्रिल २०१८ मध्ये. सप्टेंबर २०१९ पासून इकोतून बोलणारी अलेक्सा हिंदीही बोलू लागली, आणि घरात मराठी पण बाजारात हिंदी बोलणाऱ्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना भाषेची अडचण उरली नाही. मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशात असतात. सुट्टीत घरी आलेला नातू स्पीकर बसवून देतो, आजोबांच्या खोलीत कोनाड्यात ठेवतो आणि निघून जातो. काही दिवस सकाळी भक्तिगीते, दुपारी नाट्यसंगीत, संध्याकाळी बातम्या असे सुरळीत चालते. मग एके दिवशी स्पीकर सांगतो की इंटरनेट मिळत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळते, तासाभराने पुन्हा जाते. ज्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, फोनवरची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत, त्यांच्यासाठी हा स्पीकर म्हणजे चैन नव्हे. औषधाची वेळ, मुलाला लावायचा फोन, एकटेपणातले गाणे, सगळे त्याच्यावर येऊन ठेपलेले असते. म्हणून त्याच्या बिघाडाकडे नीट लक्ष द्यायला हवे.

अशा वेळी बहुतेक घरांत दोन उपाय होतात. एक, स्पीकर रीसेट करणे. दोन, जास्त वेगाचा प्लॅन घेणे. दोन्हींनी क्वचितच काम होते, कारण दोष बहुधा स्पीकर आणि राउटर यांच्यामधल्या तीस-चाळीस फुटांत असतो आणि तिथे कोणी पाहतच नाही.

वेगाचे गणित आधी मिटवलेले बरे. चांगल्या प्रतीचे गाणे ऐकायला सेकंदाला साधारण ३२० किलोबिट लागतात. १०० एमबीपीएसच्या साध्या घरगुती प्लॅनचा हा तीनशेवा हिस्सासुद्धा नाही. बोललेला हुकूम वर पाठवायला तर त्याहून कमी पुरते. प्लॅन दुप्पट केल्याने फायबर जिथे घरात येते तिथला वेग वाढेल, पण तीन भिंतींपलीकडच्या कोनाड्यात लहरी पोचतच नसतील तर तिथे काहीच फरक पडणार नाही. स्पीकरला मोठा वेग लागत नाही. बारीक का होईना, अखंड धार लागते.

स्पीकरला हाक मारली की काय होते ते थोडक्यात असे. त्याचे नाव तेवढे तो स्वतः ओळखतो. ते काम आतल्या चिपमध्येच होते. नाव ऐकले की दिवा लागतो आणि पुढचे बोलणे वायफायने राउटरकडे, राउटरकडून फायबरच्या डब्यात, तिथून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे आणि तिथून अॅमेझॉन किंवा गुगलच्या संगणकांकडे जाते. उत्तर त्याच वाटेने परत येते. या साखळीतली कोणतीही कडी निसटली तरी स्पीकर जवळजवळ तेच एक वाक्य बोलतो. कोणती कडी निसटली हे त्याला सांगता येत नाही, ते माणसाने शोधायचे.

शोधाची पहिली खूण दिव्यात आहे. हाक मारूनही दिवाच लागला नाही, तर वायफायचा प्रश्नच आलेला नाही. स्पीकरने ऐकलेलेच नाही. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात याचे नेहमीचे कारण कूलर. खिडकीत बसवलेल्या मोठ्या कूलरचा घरघराट आणि म्हाताऱ्या माणसाचा बारीक आवाज यांत माइकला फरक करता येत नाही. स्पीकर कूलरच्या समोरून काढून बोलणाऱ्याच्या जवळ ठेवला की काम होते. दुसरे कारण, पुसताना कोणीतरी माइक बंद करण्याचे बटण दाबलेले असते. इकोवर त्या वेळी लाल दिवा राहतो, तर गुगलच्या छोट्या स्पीकरवर चार नारिंगी ठिपके दिसतात. इकोवर मात्र फिरणारा नारिंगी दिवा म्हणजे माइक बंद नव्हे. तो जोडणी शोधतो आहे किंवा नव्याने जोडून घ्यायला तयार झाला आहे. त्यामुळे पुण्याहून फोनवर मदत करणाऱ्याने ‘दिवा कोणता?’ याआधी ‘स्पीकर कुठल्या कंपनीचा?’ हे विचारावे.

दिवा लागतो, स्पीकर ऐकतो, पण उत्तर देऊ शकत नाही, तेव्हा साखळी तपासायची. त्याला काही विशेष ज्ञान लागत नाही, एक फोन पुरतो. फोनचा मोबाइल डेटा बंद करायचा, घरच्या वायफायला तो जोडायचा आणि स्पीकरच्या अगदी शेजारी उभे राहून पूर्वी कधी न उघडलेले एखादे पान उघडून पाहायचे. नेहमीचे पान नको, कारण ते फोनने साठवून ठेवलेले असू शकते. उघडले नाही तर राउटरपाशी जाऊन तेच करायचे. तिथे उघडले तर दोष मधल्या भिंतींचा. तिथेही नाही, तर फायबरच्या डब्यावरचे दिवे पाहायचे. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर बाहेरून येणारी तारच तुटली किंवा निखळली आहे आणि कंपनीला फोन करण्यापलीकडे घरात करण्यासारखे काही नाही. हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्यानंतरची निम्मी धावपळ त्याने वाचते.

फोन स्पीकरजवळही व्यवस्थित चालला, तर एक फार उपयोगी युक्ती आहे. राउटर बंद करायचा आणि दुसऱ्या फोनचे हॉटस्पॉट सुरू करून त्याला घरच्या वायफायचेच नाव आणि तोच पासवर्ड द्यायचा, एका अक्षराचाही फरक न करता. स्पीकर त्याला आपलेच घर समजून आपोआप जोडला जातो. आता तो बोलू लागला तर स्पीकर ठणठणीत आहे आणि खोट राउटरच्या मांडणीत आहे, हे सिद्ध झाले. काहीही पुसावे लागले नाही, काहीही नव्याने भरावे लागले नाही.

आता दगडाकडे वळू, कारण लष्करातल्या घरांत खरा मामला तिथेच आहे.

वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालते, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, दुसऱ्याची पाच-सहा सेंटिमीटर. लहर भिंतीवर आदळते तेव्हा तिचा काही भाग परत फिरतो, काही दगडात जिरतो आणि उरलेला पलीकडे जातो. आखूड लहर जास्त जिरते, म्हणून ५ गिगाहर्ट्झचा पट्टा एका खोलीत वेगवान असला तरी जाड भिंतीपलीकडे लवकर दम सोडतो. भिंत ओली असेल तर आणखी वाईट, कारण पाणी या लहरी शोषते. पावसाळ्यात भिंतींना ओल धरली की उन्हाळ्यात कसाबसा चालणारा स्पीकर बंद पडू लागतो. घरच्यांना वाटते यंत्र बिघडले; बदललेली असते ती भिंत. लहर भिंतीला तिरकस भेटली तर वाटेत जास्त दगड लागतो, म्हणजे राउटर आणि स्पीकर एकाच भिंतीच्या दोन टोकांना असणे सर्वांत गैरसोयीचे.

लहर किती क्षीण झाली ते मोजता येते. अँड्रॉइड फोनवर वायफायचे बळ दाखवणारी मोफत अॅप मिळतात. त्यांत उणे चिन्हाचा आकडा दिसतो, एकक डीबीएम. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ च्या आसपास निर्धास्त, उणे ७५ ला अडखळणे सुरू आणि उणे ८० नंतर भरवसा नाही. हे आकडे साध्या वजाबाकीचे नाहीत. दर १० अंकांना शक्ती एकदशांश होते. उणे ५० पासून उणे ८० पर्यंत उतरणे म्हणजे शक्तीचा हजारावा भाग उरणे. ओसरीपासून माजघरापर्यंत प्रत्येक खोलीत फोन घेऊन फिरावे आणि आकडे कागदावर मांडावेत. कोणत्या भिंतीपाशी आकडा धाडकन पडतो ते लगेच कळते आणि मग उपाय त्या एका भिंतीपुरताच शोधायचा असतो.

फोनवरच्या सिग्नलच्या पट्ट्या मात्र अर्धीच गोष्ट सांगतात. दिंडीदरवाजातून कोणी खणखणीत आवाजात हाक मारली तर ती आतल्या खोलीतल्या आजींना ऐकू येते, पण आजींचे उत्तर दिंडीपर्यंत पोचेलच असे नाही. राउटरचा आवाज मोठा, त्याच्या अँटेना बाहेर आलेल्या. स्पीकरची अँटेना इवलीशी आणि प्लास्टिकच्या आत दडलेली. पट्ट्या दाखवतात तो राउटरचा आवाज. स्पीकरचे उत्तर राउटरला ऐकू जाते की नाही, हे त्यांतून कळत नाही. ‘रेंज तर फुल आहे, मग चालत का नाही?’ या नेहमीच्या प्रश्नाचे एक उत्तर इथे आहे.

वाड्याच्या रचनेत अडचण आहे तसा उपायही आहे, तो म्हणजे चौक. फायबर बसवणारा माणूस तार रस्त्याकडच्या पहिल्या खोलीत आणतो, तिथेच भोक पाडतो, तिथेच डबा ठोकतो, कारण त्याला ते जवळ पडते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून मग लहरी तीन-चार भिंती भेदत माजघरापर्यंत जाव्यात अशी अपेक्षा असते. तोच राउटर चौकाकडे तोंड केलेल्या ओसरीत, पावसाचे पाणी आणि ऊन लागणार नाही अशा जागी, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवला तर लहरींना चौकाची मोकळी हवा मिळते. चौक ओलांडून त्या समोरच्या खोल्यांच्या दारा-खिडक्यांतून आत शिरतात. लाकडी दार त्यांना फारसे अडवत नाही. बसवायला आलेल्या माणसाला फायबर आणखी वीस-पंचवीस फूट आत न्यायला सांगावे. तार बारीक असते आणि भिंतीच्या कडेने दिसतही नाही. फक्त कोपऱ्यावर तिला काटकोनात मुडपू नये, आत काच असते.

दगडी जाळीबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ग्वाल्हेरच्या कारागिरांनी कोरलेल्या नाजूक जाळ्या लष्करातल्या जुन्या इमारतींवर जागोजागी दिसतात. या जाळ्या वायफायला सहज वाट देतात, कारण दगड धातूसारखी वीज वाहून नेत नाही. त्याच खिडकीला डासांसाठी लोखंडी किंवा स्टीलची बारीक जाळी ठोकली की मात्र लहरी अडतात. साडेबारा सेंटिमीटरच्या लहरीला मिलिमीटरभराची धातूची भोके म्हणजे जवळजवळ अखंड पत्रा. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराला आतून हीच युक्ती केलेली असते. डासांसाठी नायलॉनची जाळी लावली तर दोन्ही कामे होतात.

धातूची इतर संकटेही घरातच असतात. लोखंडी कपाट, मोठा आरसा (त्याच्या मागे चांदीचा किंवा अॅल्युमिनियमचा मुलामा असतो), फ्रिज, आणि पुन्हा एकदा कूलर. पत्र्याचा देह आणि पोटात कितीतरी लिटर पाणी, अशी ती पेटी लहरींच्या वाटेत बसली तर भिंतीइतकीच अडवते. एप्रिलमध्ये कूलर खिडकीत चढला आणि त्याच आठवड्यात स्पीकर रुसला, असे झाले असेल तर कारण शोधायला दूर जायला नको. राउटर टीव्हीच्या मागे किंवा कपाटावर पडद्याआड लपवायची सवयही सोडावी. राउटरच्या दांड्या उभ्या असतील तर लहरी आडव्या दिशेत जास्त पसरतात; माडीवर पोचायच्या असतील तर एक दांडी आडवी करून पाहावी. मुरार किंवा सिटी सेंटरकडच्या नव्या इमारतींत भिंती पातळ असतात पण छतात लोखंडी सळयांचे जाळे असते. तिथे मजल्यामजल्यांतले अंतर जास्त छळते, जुन्या घरातल्या दगडी पटियांमधे ते जाळे नसते.

शेजाऱ्यांचा भागही थोडा आहे. भारत सरकारने जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बरीच जागा मोकळी केली. म्हणून आज कोणालाही न विचारता घरात राउटर लावता येतो. पण २.४ च्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनेले तीनच, १, ६ आणि ११. भिंतीला भिंत लागलेल्या गल्लीत पंधरा-वीस राउटर त्याच तीन वाटांवर गर्दी करतात. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हन, ब्लूटूथ, काही कॉर्डलेस फोन हेही त्याच पट्ट्यात. वायफायचे बळ दाखवणारी अॅप ही गर्दीही दाखवतात. तीनपैकी जे चॅनेल मोकळे ते राउटरच्या मांडणीत निवडावे आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. मधले ३ किंवा ४ निवडून दोन्हीकडचा गोंगाट ओढवून घेऊ नये. एरवी जाड दगड नकोसा असला तरी इथे तो उपकारक ठरतो, शेजारचा गोंगाट तोही अडवतो.

अनेक राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने देतात आणि कोणत्या यंत्राला कोणता पट्टा द्यायचा ते स्वतः ठरवतात. जाड भिंतीच्या घरात हे नीट जमतेच असे नाही. स्पीकर ५ गिगाहर्ट्झला चिकटून राहतो आणि तुटत राहतो. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे देऊन लांबच्या खोलीतला स्पीकर २.४ ला जोडावा, जवळची यंत्रे ५ वर ठेवावीत.

मग लाइट जाण्याचा प्रश्न. वीज परत येते तेव्हा स्पीकर, राउटर आणि फायबरचा डबा एकदमच जागे होतात, पण डब्याला कंपनीशी बोलणे सुरू करायला दोन-तीन मिनिटे लागतात. तोवर स्पीकरने दोन-चारदा प्रयत्न करून तक्रार केलेली असते. बहुतेक वेळा पाच मिनिटे वाट पाहिली की सारे जागेवर येते. नाहीच आले तर क्रम पाळावा: सगळे बंद, आधी फायबरचा डबा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर, आणि शेवटी स्पीकर. रोज लाइट जात असेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. राउटर जेमतेम १० वॉट खातो, त्यामुळे तेवढी बॅटरी काही तास पुरते. स्पीकरचा मूळ अॅडॅप्टर हरवला म्हणून फोनचा जुना चार्जर लावलेला असेल तर तेही तपासावे. काही स्पीकरना १५ वॉट लागतात. कमी शक्तीवर ते आवाज वाढवताच बंद होऊन पुन्हा सुरू होतात, आणि घरच्यांना ती वायफायची खोडी वाटते. राउटर उन्हाच्या झळीत, बंद कपाटात ठेवला असेल तर तोही तापून अडखळतो. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि ग्वाल्हेरचा जून त्यापुढचा.

गणपतीत एक वेगळीच अडचण येते. इंदूर, पुणे, नागपूरहून पाहुणे जमतात, प्रत्येकाला पासवर्ड दिला जातो आणि एकेका माणसाची दोन-दोन यंत्रे राउटरला लटकतात. स्वस्त राउटर एका वेळी ठरावीक यंत्रेच सांभाळतात. त्यापुढे आलेल्याला पत्ताच मिळत नाही. अनंत चतुर्दशीनंतर घरचे लोक सावधगिरी म्हणून पासवर्ड बदलतात आणि स्पीकर बिचारा जुन्याच पासवर्डने दार ठोठावत राहतो. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळे गेस्ट नाव सुरू करावे आणि घरचा पासवर्ड तसाच ठेवावा, म्हणजे दोन्ही टळते. स्वतःचा फोन मात्र गेस्टवर ठेवू नये, नाहीतर फोन आणि स्पीकर एकमेकांना दिसत नाहीत आणि फोनवरून गाणे पाठवता येत नाही. राउटर बदलला तरी हेच सूत्र: नव्या राउटरला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला की घरातली सगळी यंत्रे आपोआप परत येतात. त्यात सुरक्षेचा प्रकार ‘फक्त डब्ल्यूपीए३’ असा असेल तर जुने स्पीकर जोडले जात नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि ३ यांचा मिश्र पर्याय ठेवावा.

एवढे करूनही आजोबांच्या खोलीत आकडा उणे ८० च राहिला तर काय? बाजारात पहिला सल्ला मिळतो तो रिपीटर किंवा मेश संच घेण्याचा. रिपीटर घ्यायचाच तर तो लहर मेलेल्या खोलीत ठेवू नये, जिथे आकडा अजून उणे ६५ च्या आसपास आहे अशा मधल्या जागी ठेवावा. त्याला स्वतःला नीट ऐकू आले तरच तो पुढे सांगणार. तो वेग निम्मा करतो हे खरे, पण स्पीकरला तेवढा पुरून उरतो. मेशचे डबे एकमेकांशी हवेतून बोलतात, आणि दीड हात जाड भिंत त्यांनाही तितकीच अडवते. दगडी घरात खरा उपाय जुना आणि स्वस्त आहे, तार ओढणे. कॅट ६ जातीची तार १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते. ओसरीच्या तुळईच्या कडेने, झरोक्यातून, नळाच्या किंवा जुन्या केबल टीव्हीच्या वाटेने ती आतल्या खोलीत न्यायची आणि तिच्या टोकाला दुसरा साधा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावायचा. घरात पडून असलेला जुना राउटरही चालतो. दीडशे-दोनशे वर्षांच्या भिंतीला त्यासाठी छिद्र पाडायची गरज क्वचितच पडते. चौक ओलांडून उघड्यावरून तार न्यायची असेल तर उन्हात तडकणार नाही अशी काळ्या जाड आवरणाची घ्यावी. दोन स्वतंत्र इमारती जोडायच्या असतील तर तांब्याऐवजी फायबर वापरावे, पावसाळ्यात वीज कोसळली की लांब तांब्याची तार यंत्रे जाळते.

संगीताचा रियाज करणाऱ्यांसाठी दोन शब्द वेगळे. शंकर गांधर्व महाविद्यालय १९१४ मध्ये आणि माधव संगीत महाविद्यालय १९१८ मध्ये ज्या गावात सुरू झाले, तिथे अनेक घरांत आज तानपुऱ्याचा सूर स्पीकरवर लावला जातो. बातम्या मधेच तुटल्या तर चालते, खर्जाची साधना चालू असताना षड्ज तुटला तर बसलेला स्वर उखडतो. यासाठी इंटरनेटवर विसंबूच नये. फोनवर तानपुऱ्याचे अॅप उतरवून ठेवावे आणि स्पीकरला ब्लूटूथने जोडावे. मग राउटर बंद असला तरी सूर अखंड राहतो.

कधीकधी घरात सगळे ठीक असते आणि दोष हजारो मैलांवर असतो. २० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीत, भारतात दुपारी बाराच्या सुमारास अॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातील केंद्रात बिघाड झाला. तिथल्या एका महत्त्वाच्या डेटाबेसचा इंटरनेटवरचा पत्ताच यंत्रणेतून पुसला गेला होता. त्याने असंख्य सेवा कोलमडल्या आणि अलेक्साही जगभर अनेक ठिकाणी गप्प झाली. त्या दिवशी राउटर दहादा बंद-चालू केला तरी उपयोग नव्हता. उलट प्रकार जानेवारी २०१८ मध्ये झाला होता. फोनवरून गाणे पाठवणाऱ्या, म्हणजे कास्ट करणाऱ्या, गुगलच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे झोपेतून उठलेला फोन साठून राहिलेले संदेश एकदम राउटरवर ओतत असे, कधी थोड्या वेळात लाखाहून जास्त. राउटर त्या भाराने कोसळत. टीपी-लिंक या राउटर बनवणाऱ्या कंपनीने कारण उलगडून सांगितले आणि गुगलने त्याच महिन्यात दुरुस्ती पाठवली. तोवर कितीतरी लोकांनी चांगले राउटर बाद ठरवले असणार.

सर्वांत शिकण्यासारखा प्रसंग मार्च २०२५ चा. टीव्हीला जोडायच्या गुगलच्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्ट यंत्रांमधल्या एका सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत ९ मार्चला संपली आणि एका रात्रीत ती यंत्रे जगभर नकार देऊ लागली. गुगलने लोकांना स्पष्ट सांगितले की यंत्र रीसेट करू नका. काही दिवसांत दुरुस्ती आली, ज्यांनी हात लावला नव्हता त्यांची यंत्रे आपोआप पूर्ववत झाली. ज्यांनी घाईने रीसेट केले होते त्यांना यंत्र पुन्हा जोडणेच अवघड झाले.

रीसेटने स्पीकरमधले वायफायचे नाव, पासवर्ड आणि खात्याशी असलेली जोडणी पुसली जाते. ती पुन्हा करायला ज्या फोनवर ते खाते आहे तो फोन स्पीकरजवळ हवा, आणि तो फोन बहुधा नातवाच्या खिशात, पुण्यात असतो. म्हणून घरातून निघण्याआधी नातवाने तीन गोष्टी करून ठेवाव्यात: घरातल्याच एका फोनवर ते खाते चालू ठेवणे, वायफायचे नाव आणि पासवर्ड मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून राउटरजवळ चिकटवणे, आणि स्पीकर बंद-चालू कसा करायचा हे आजीच्या हातून एकदा करवून घेणे.

इतके सगळे तपासून, हॉटस्पॉटवरही स्पीकर बोलत नसेल, तेव्हाच रीसेटची पाळी येते. इकोच्या बऱ्याच मॉडेलांत कृतीचे बटण वीस-पंचवीस सेकंद दाबून धरावे लागते. गुगलच्या नेस्ट मिनीवर आधी माइक बंद करून मधोमध बोट टेकवून धरावे लागते. जोडणी करताना फोनचे व्हीपीएन बंद ठेवावे, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवावे, आणि स्पीकर पहिल्यांदा राउटरच्याच खोलीत जोडून मग त्याच्या जागी न्यावा. राउटरच्या खोलीत चालतो आणि कोनाड्यात चालत नाही, असे निघाले तर पुन्हा त्या भिंतीकडे, कागदावर मांडलेल्या आकड्यांकडे आणि तारेच्या भेंडोळ्याकडे वळायचे.